बाटलीखालची खूण

वारलूला संशय घेण्याचा पगार मिळत असे. आलापल्लीजवळच्या एका लाकूड डेपोत तो कामाला होता. जंगलातून सागवानाचे ओंडके ट्रकवर लादून यायचे आणि वारलू प्रत्येक ओंडक्याला कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून कान लावायचा. भरीव लाकूड एक आवाज देतं, पोकळ लाकूड दुसरा. पोकळ निघालं की ते वेगळ्या थप्पीत. शिवाय जंगलात तोडताना मारलेला शिक्का ओंडक्याच्या तोंडावर दिसला नाही, तर तो ट्रकवाल्याला दोर सोडू देत नसे. ट्रकवाले त्याला तोंडावर वारलूभाऊ म्हणायचे आणि पाठीमागे जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डेपोत हा गुण होता. घरी त्याचा जाच होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. वारलूचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. धान मोजून घेताना मापाच्या बुडाशी बोट घालून बघायचा. पाहुण्यांच्या घरी पाटावर बसण्याआधी पाट ठोकायचा. बायको माधवी विहिरीवर जरा जास्त वेळ थांबली, तर आल्याबरोबर विचारायचा, "कोन होतं तिथी? काय म्हनलं?" माधवीनं सुरुवातीला खरी उत्तरं दिली, मग थोडक्यात दिली, आणि हल्ली ती नुसती घागर उतरवून आत जायची.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याचा अर्थ गावानं एका झटक्यात लावला होता, आणि वारलूच्या आईनं, केसरबाईनं, त्याच्याही आधी. दोष सुनेत. माधवीला गावच्या पुजाऱ्याकडे नेलं, सिरोंच्याकडच्या वैदूकडे नेलं. त्यानं दिलेला काढा पिऊन ती आठवडाभर ओकत होती. गडचिरोलीला गर्भाची पिशवी तपासली, चंद्रपूरला नळ्या तपासल्या, बेशुद्ध करून बेंबीतून दुर्बीण घातली. दर वेळी सोबतीला तिची आई किंवा कोणीच नाही. वारलू एसटीत बसवून द्यायचा आणि डेपोत जायचा. बायांचं काम बायांनी करावं, असं त्याचं मत होतं, आणि त्या मतावर मात्र त्यानं कधी संशय घेतला नव्हता.

आता केसरबाईचा धीर संपला होता. आष्टीकडच्या बापूजी नावाच्या शेतकऱ्याची मुलगी तिनं हेरली होती, रंजीता. माधवीला फारकत देऊन माहेरी पाठवायचं, रंजीताला आणायचं. धान घरात आलं की बापूजी बोलणी करायला येणार होता. वारलू यावर हो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता. आई बोलायला लागली की तो विळा घेऊन कुंपणाकडे जायचा. माधवीला हे सगळं माहीत होतं. तिच्या डोक्यावरचं छप्पर जायचं की राहायचं, हे कुंपणाकडे गेलेल्या माणसावर अवलंबून होतं.

बापूजी काही भोळा नव्हता. त्यानं मधल्या माणसाकडून निरोप धाडला, 'पोरगी द्यायला हरकत नाही, पण आजकाल पोरातही दोष निघतात म्हणतात. डॉक्टरचा कागद दाखवा.'

केसरबाई भडकली. "माह्या पोरात दोष? बैलासारखा हाये तो!"

त्याच आठवड्यात माधवी चंद्रपूरहून परत आली. तिकडे जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला एका गल्लीत नवीन डॉक्टरीण बसत होती, नीलिमा नगराळे. माधवीनं पिशवी खुंटीला टांगली आणि म्हणाली, "डॉक्टरीन बाईनं तुमाले बलावलं हाये."

"मले? काऊन?"

"मले म्हने, बाई, तुमचं सगळं तपासून झालं. आता नवऱ्याले आना. तो आल्याबिगर मी तुमाले हात लावत नाई."

वारलू जेवता जेवता थांबला. माधवीनं बापूजीचा निरोप ऐकला होता का? ऐकला असेल तर हे बोलावणं डॉक्टरीणबाईचं की माधवीचं? दोघींनी मिळून काही शिजवलं असेल तर? डॉक्टरीण खोटं लिहून देणार, दोष माझ्या माथी मारणार, बापूजी परत जाणार, माधवी घरात राहणार. कसं जमून येतं बघा! संशयी माणसाचं डोकं एकदा चालायला लागलं की त्याला बैल लागत नाहीत.

"मी येतो," तो म्हणाला.

माधवीनं चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा येतो म्हणाला होता. तो कशासाठी येतो ते तिला कळलं नाही असं नाही. चांगला कागद घ्यायचा आणि बापूजीला दाखवायचा. म्हणजे आपल्याच घराबाहेर पडण्याची चिठ्ठी आणायला ती त्याला सोबत घेऊन निघाली होती. तरी तिनं डबा बांधला.

लोहखनिजाच्या ट्रकांनी उखणलेल्या रस्त्यावरून एसटी अर्धा दिवस आदळत चंद्रपूरला पोचली. दवाखान्यात बाकांवर बायाच बाया. भिंतीवर गोबऱ्या बाळांची चित्रं. नवरे मंडळी बाहेर पानठेल्याजवळ, जणू कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखी, एकमेकांकडे न बघता उभी. वारलूही तिकडेच वळला. पण आतून हाक आली, "माधवीबाई आणि वारलूभाऊ, दोघंही या."

डॉक्टर नीलिमांच्या समोर दोन खुर्च्या होत्या. एक रिकामी असली की त्या बोलायलाच सुरुवात करत नाहीत, हे माधवीनं त्याला सांगितलं होतं. वारलू बसला आणि सवयीनं त्यानं बोटाच्या पेरानं टेबल ठोकलं. वरून सागवानाचा पापुद्रा, आत भुशाचं दाबलेलं फळकूट. झालं. जिचं टेबल खोटं, तिचा कागद खरा कसा असणार?

"टेबल आवडलं का भाऊ?" डॉक्टरांनी हसून विचारलं.

"सागवान नाई हे."

"नाहीच आहे. सागवान परवडत नाही." आणि त्या कामाला लागल्या. तंबाखू किती? दारू? कुठं लागलं होतं का? वाढत्या वयात गालफुगी झाली होती, गाल सुजून ताप? त्यानंतर खाली सूज, दुखणं?

"नाई," वारलू म्हणाला. त्याला आठवत नव्हतं. "मले काई झालं नाई कधी. मले काऊन विचारून राह्यले? मूल तं बाईले होते."

"मूल दोघांना होतं, भाऊ. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत पुष्कळदा अडचण नवऱ्याकडची निघते. पण तो शेवटी येतो. तोवर बाईचं पोट आम्ही सगळ्यांनी चाळून झालेलं असतं." त्या माधवीची जाडजूड फाईल उचलून म्हणाल्या, "यांनी इतक्या तपासण्या सोसल्या. तुमची एकच आहे, आणि तिच्यात सुई टोचत नाही."

वारलूनं फाईलकडे पाहिलं नाही. तो डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होता, कुठं पापणी लवते का.

तपासणी करणाऱ्या रोशननं त्याला नाव लिहिलेली प्लास्टिकची छोटी बाटली दिली आणि मागच्या खोलीची वाट दाखवली. वारलूनं चिठ्ठी नखानं उचकून पाहिली. सहज निघत होती. वा रे वा! नाव काढा, दुसऱ्याचं लावा, कोण बघतो? जंगलात शिक्का लाकडावर मारतात, लाकडाला चिठ्ठी बांधत नाहीत, ते उगीच नाही. त्यानं खिशातला खिळा काढला आणि बाटलीच्या बुडावर खरवडायला सुरुवात केली.

"भाऊ, हे काय करून राह्यले?" रोशन घाबरला. "भोक पडन ना!"

"पडलं तं दुसरी दे."

पहिल्या बाटलीला खरंच तडा गेला. दुसरीवर त्यानं हलक्या हातानं काम केलं. एक उभी रेघ, तिला खाली गळासारखा आकडा, बाजूला तीन टिंबं. असली खूण दुसऱ्या कोणाला सुचणार नाही याची त्याला खात्री होती. रोशन कपाळाला हात लावून बघत राहिला.

ती खोली म्हणजे पूर्वीची अडगळ होती. सलाईनची खोकी, एक खुर्ची, नवीन कडी. कडी वारलूनं हलवून पाहिली. दाराच्या फटीत रुमाल कोंबला. त्या खोलीत त्याला जी लाज वाटली ती डेपोत, लग्नात, पोलिसांपुढंही कधी वाटली नव्हती. माधवीला टेबलावर झोपवून अनोळखी माणसं तपासायची तेव्हा तिला काय वाटत असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो झटकला. कामाच्या वेळी असले विचार बरे नाहीत.

दुपारनंतर दोघांना परत आत बोलावलं. रिकाम्या खुर्च्या भरल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "वारलूभाऊ, सरळच सांगते. नमुन्यात मूल होण्यासाठी लागणारे जंतू दिसले नाहीत. कमी आहेत असं नाही. एकही नाही. मशीनवर फिरवून तळाचंही पाहिलं."

वारलू उठला. खुर्ची मागं पडली. "मले माहीतच होतं! बदलली बाटली! तुमी आन इनं मिळून केलं हे!" त्यानं माधवीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या बाया दारात गोळा झाल्या. "बाटली दाखवा माही! आत्ता दाखवा! माही खून हाये तिच्यावर!"

"रोशन, बाटली आण," डॉक्टर म्हणाल्या.

रोशननं ट्रेमधून बाटली आणली. चिठ्ठीकडे वारलूनं पाहिलंच नाही. त्यानं बाटली उलटी केली. उभी रेघ. खाली आकडा. तीन टिंबं.

त्यानं ती उजेडात धरली, अंगठ्यानं घासून पाहिली. खूण त्याचीच होती. त्याच्याच खिळ्याची, त्याच्याच हाताची. दुसऱ्या कोणी केलेली असती तर त्याला भांडता आलं असतं. आयुष्यभर इतरांना पकडायला जो शिक्का त्यानं वापरला त्यानं आज त्यालाच धरलं होतं, आणि आता कोणाला शिव्या द्याव्यात ते कळेना. त्यानं पडलेली खुर्ची उचलली आणि बसला.

"एका तपासणीवर मी शेवटचं काही बोलत नाही," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात परत एकदा करू. रक्त तपासू. जंतूंची वाट अडलेली असेल तर उपाय असतो. तयारच होत नसतील तर तेही कळेल, आणि मग पुढचं तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. पण दोघांनी."

परतीच्या एसटीत माधवी खिडकीशी बसली होती. गोंडपिपरी गेलं तरी ती बोलली नाही. तिच्या गप्प राहण्याचाही वारलूला संशय यायला लागला. ही खूश आहे का? गावात सांगेल? डेपोत कळलं तर ट्रकवाले आपल्यालाच ठोकून बघतील. पोकळ वारलू म्हणतील. जन्मभर पुरेल असं नाव पडेल.

"तुले माहीत होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"मले कोनी कधी काई सांगतलं का? मले सगळे एकच सांगत होते."

"घरी बोलू नको."

"मी काऊन बोलू?" माधवी म्हणाली. "तुमचं हाये. तुमी बोला, नाई तं नोका बोलू." आणि तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

तो बोलला नाही. कागद त्यानं कपाटाच्या मागं सारला. आईनं विचारलं तर म्हणाला, "कागद याले वेळ हाये." धान कापलं, मळलं, घरात आलं. रोज सकाळी त्याला वाटायचं आज सांगू, आणि रोज तो विळा घेऊन कुंपणाकडे जायचा. त्या कुंपणाला आता छाटायला काहीच उरलं नव्हतं. माधवी काही विचारत नव्हती. तो तिच्याकडे बघायचा आणि ती भाकरी थापत असायची. हिनं सांगून टाकलं तर बरं, असंही त्याला एकदा वाटलं.

ठरल्या दिवशी बापूजी आला, सोबत त्याचा मेहुणा. अंगणात खाटा टाकल्या. केसरबाईनं सकाळीच माधवीला बजावून ठेवलं होतं, "चाय तूच घेऊन ये. त्याईले दिसलं पाह्यजे का तू राजी हायेस. मंग भांडन नाई, कोर्ट नाई." माणसाला घराबाहेर काढायचं आणि त्याच्याच हातचा चहा पाहुण्यांना पाजायचा, याला केसरबाई समजूतदारपणा म्हणत होती.

बोलणी सुरू झाली. केसरबाईनं शेत सांगितलं, डेपोतली नोकरी सांगितली, पोराला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही हे सांगितलं. "सूनही वाईट नाई बापूजीभाऊ, खोटं काऊन बोलू. पन कूसच नाई देल्ली देवानं तिले. आमी का कमी केलं? सगळे दवाखाने झाले."

"पोराचा कागद?" बापूजीनं विचारलं.

"गेला होता ना चंद्रपूरले! सांग रे वारलू."

तेवढ्यात माधवी ट्रे घेऊन दारात आली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, कारण पाहुणे येणार होते आणि घर अजून तिचं होतं. ती कोणाकडे बघत नव्हती. बापूजीनं कपासाठी हात पुढं केला. तो कप उचलला गेला की काम फत्ते, हे अंगणातल्या सगळ्यांना कळत होतं.

"थांबा," वारलू म्हणाला. आवाज त्याला स्वतःचाच वाटला नाही. "दोष माह्यात हाये. तिच्यात काई नाई."

बापूजीचा हात अधांतरी राहिला. मग तो हसला. "अरे बावा, पोरगी पसंत नसन तं सरळ सांग ना. अशी पळवाट काऊन काढून राह्यला? कोनता मानूस आपल्या तोंडानं असं म्हनते?"

"मी म्हनून राह्यलो. कागद हाये. बाटलीवर मी माही खून केली होती. मी सोता पाह्यली."

बघा गंमत. जन्मभर कोणाच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस खरं बोलत होता आणि कोणी विश्वास ठेवत नव्हतं. मेहुणा माधवीकडे बघून गालात हसला, म्हणजे बायकोनं काहीतरी खाऊ घातलं असा अर्थ. केसरबाई तर उठूनच उभी राहिली. "इनं केलं हे! इनं भुलवलं त्याले! त्या डॉक्टरनीले काय समजते? म्हने दोष! गालफुगीनं का असं होते कधी? वैदूनं मले सांगतलं होतं, सूज उतरली का सगळं बरोबर होईन म्हनून!"

"कोनती गालफुगी, माय?" वारलूनं विचारलं.

केसरबाईच्या लक्षात आलं आपण काय बोललो. ती खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "लहान होता तू. शाळेत जात होता. गाल सुजले, मंग खाली सूज आली. लय तापला होता, शुद्धच नोती तुले… मी कोनाले सांगाव? लोकाईनं तुले पोरगी देल्ली असती का? मले वाटलं, उतरली सूज."

वारलू आईकडे बघत राहिला. ट्रकवाल्यांवर, वाण्यावर, डॉक्टरवर, विहिरीवरच्या बायांवर, आणि सगळ्यांत जास्त माधवीवर त्यानं संशय घेतला होता. आईवर एकदाही घेतला नव्हता. तो काढा, ती दुर्बीण, त्या एकटीच्या एसटीच्या फेऱ्या, सगळं त्याला आत्ता, एकदम, आईच्या त्या गुंडाळलेल्या पदराशेजारी दिसलं आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला आईचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

बापूजी उठला, हात जोडले, चपला शोधल्या. मेहुण्यानं चहाकडे एकदा बघून घेतलं आणि तोही गेला.

"मंग आता?" केसरबाई पुटपुटली.

माधवीनं ट्रे खाटेवर ठेवला. "मंग आता माह्यासाठी पाहा," ती म्हणाली.

"काय पाहू?"

"दोष माह्यात होता तवा तुमी त्याईच्यासाठी दुसरी पाह्यली. आता दोष त्याईच्यात हाये. माह्यासाठी दुसरा पाहाले कोनाले धाडता, मायबाई?"

वारलूनं माधवीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय, त्याला ओळखता येईना. इतकी वर्षं एका छपराखाली राहून त्याला ते ओळखता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला संशय नाही, नुसती भीती वाटली.

"आता चंद्रपूरले परत जाचं हाये," तो कसाबसा म्हणाला. "डॉक्टरीन बाईनं दोघाईले बलावलं. तू येशीन ना?"

"आधी तुमी एकटे जाऊन या," माधवी म्हणाली. "एकट्यानं कसं वाटते ते पाहून या. मंग मले विचारा. मंग मी सांगन."